हेवा

बेलापूरला, सेक्टर आठमध्ये,
आमच्या इमारतीच्या लिफ्टशेजारी
कुंदा सामंतचा फोटो आहे, काचेमागे, चौकटीत.
किलिमांजारोच्या माथ्यावरची लाकडी पाटी,
पाटीला टेकलेली कुंदा, नाक लालभडक,
खाली सोसायटीचं हार्दिक अभिनंदन
आणि वय वर्षं छप्पन्न.

चार वर्षं मी दूध आणायला जिन्याने उतरले.

आम्ही दोघी सिडकोच्या नकाशाखान्यात होतो.
ट्रेसिंग पेपरवर पारसिकचा डोंगर काढायचा,
दर पाच मीटरला एक रेष,
रेषेला रेष खेटली की समजायचं, चढ उभा.
तिची रेष माझ्याहून सुबक.
बढती तिला मिळाली. तिचा पेढा मी खाल्ला नाही,
खणात ठेवला, वाळून खडा होईपर्यंत.
अशी मी.

निवृत्त झाल्यावर पहाटे पाठीवर
सात किलो कोलम घेऊन पारसिक चढू लागले.
पलीकडच्या अंगाने खाणीने डोंगर उभा कापलाय.
एकशे चाळीसची रेष माझ्या हातची,
श्वास रोखून काढलेली, एका दमात.
ती जिथून जायची तिथे आता नुसती हवा.
एक घार तेवढी
अजून त्या रेषेवरून जाते.

वाटाड्याचं नाव एलिबारिकी.
चहाला तो चाय म्हणायचा, बर्फाला बराफू.
माझी आलेपाकाची वडी चघळून म्हणाला, टांगाविझी,
आणि अजून एक मागितली.
पोले पोले म्हणजे सावकाश.
मला पहिले दोन दिवस पोळी ऐकू यायची
आणि भूक लागायची.

मध्यरात्री निघालो.
कपाळावरच्या दिव्यांची रांग वर चढत गेलेली,
काळ्या कागदावर कुणीतरी एकच रेष ओढतंय
आणि हात थरथरतोय.
नळीतलं पाणी गोठलं.
दहा पावलं, थांब. सात पावलं, थांब.
मग आकडेच सापडेनात.
खडकावर बसले, म्हटलं, नाही होत रे,
छातीवर कुणीतरी बसलंय.
तो वाकला. माझ्या हातमोज्याचा बंद आवळला,
वर बोट दाखवून म्हणाला,
हेवा किडोगो.
वर हेवा कमी.
हवा विरळ आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं.
मी मात्र मान खाली घातली
खणातला पेढा कुणी बाहेर काढावा तशी.

उजाडताना पाटीपाशी पोचले.
फोन थंडीने मेलेला.
काखेत धरला, फुंकर घातली, ढिम्म.
एलिबारिकीने स्वतःचा काढला. मी नको म्हटलं.
का म्हटलं ते तिथल्या माझ्या डोक्याला विचारा,
इथल्या डोक्याला रोज वाटतं,
काढायला हवा होता.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी कुंदाने बेल वाजवली.
हातात सांज्याचा डबा.
दाखव की फोटो. म्हटलं, नाही.
बराच वेळ ती माझ्या सोललेल्या नाकाकडे बघत राहिली.
मग म्हणाली, पाटीला टेकले नव्हते गं मी,
पडू नये म्हणून धरली होती.
त्याआधी मागच्या बाजूला भडाभडा ओकले.
आम्ही हसलो, नको इतकं,
सांजा गार होईपर्यंत.

हल्ली रविवारी दोघी पारसिकवर जातो.
तिचा गुडघा कुरकुरतो, मी थांबते,
थांबल्याचं दाखवत नाही.
खाडीची उंची ती केवढी, इथे हवा भरपूर.
खाणीच्या कुंपणाअलीकडे बसून
ती रिकाम्या जागेत बोट धरते:
इथून जायची ना तुझी एकशे चाळीस?
थोडी वर, मी म्हणते.
थोडी खाली, ती म्हणते.
थोडी वर.
घार मधूनच निघून जाते.